छत्री उघडते आहे की मिटते आहे?

प्रति,
मा. संपादक,

विषय : चित्रमालिकेतील चौकटींचा क्रम बदलून होणाऱ्या मीम्सविषयी

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी मीम्सवर जो लेख आला होता, त्यात चित्रमालिकांच्या चौकटी उलटसुलट लावून हसणाऱ्या मुलांची संभावना ‘चित्रांची मोडतोड करणारी, वाचन विसरलेली पिढी’ अशी केली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांतून तेहतीस वर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवून मी निवृत्त झालो आहे, आणि त्या अनुभवावर विसंबून सांगतो की लेखकाने तक्रार चुकीच्या जागी केली. चौकटींचा क्रम फिरवून विनोद साधणे हे वाचन विसरलेल्याचे काम नव्हे, ते फार बारकाईने वाचणाऱ्याचे काम आहे. तक्रारीला जागा आहे, पण ती क्रम बदलण्यात नसून केलेला बदल लपवण्यात आहे.

हे मला कळले ते नातवामुळे. माझ्या कपाटात एका जुन्या दिवाळी अंकातले सुटे पान आहे. मुखपृष्ठ केव्हाच गेले, त्यामुळे अंक कोणता आणि साल कोणते हे सांगता येत नाही. त्या पानावर चार चौकटींची एक चित्रमालिका आहे आणि तिच्यात एकही शब्द नाही. पहिल्या चौकटीत धोतर-सदऱ्यातला एक शेतकरी बांधावर उभा राहून कोऱ्या आभाळाकडे पाहतो आहे, आणि आपल्याकडचे म्हातारे अडकवतात तशी त्याची छत्री सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवलेली आहे. दुसऱ्या चौकटीत काळे ढग दाटले आहेत, छत्री अजून पाठीलाच आहे, पण म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू आले आहे. तिसऱ्या चौकटीत आभाळ दिसत नाही, बांध दिसत नाही. छातीपासून वरचा माणूस तेवढा जवळून काढलेला आहे आणि त्याच्या हातात अर्धवट उघडलेली छत्री आहे. चौथ्या चौकटीत ढगांचा मागमूस नाही, ऊन रणरणते आहे आणि म्हातारा पूर्ण उघडलेल्या छत्रीखाली उभा आहे. मृग कोरडा जाताना ज्याने बियाण्याच्या पिशव्यांकडे पाहत दिवस काढले आहेत, त्याला या विनोदाचा अर्थ सांगावा लागत नाही.

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला, त्याचे चार तुकडे केले आणि ते चौथी, तिसरी, पहिली, दुसरी असे लावून मला दाखवले. आता म्हातारा आधी उन्हात उघड्या छत्रीखाली उभा आहे, मग तो छत्री मिटतो आहे, मग छत्री पाठीला अडकवून कोऱ्या आभाळाकडे पाहतो आहे, आणि ती अडकवून होते न होते तोच ढग दाटून येतात. शेवटच्या चौकटीतले त्याचे हसू तेच आहे, एकही रेष हललेली नाही. पण जे हसू मघाशी आशेचे होते ते आता ‘तुझी खोड मला ठाऊक आहे’ असे आभाळाला सुनावणारे झाले आहे. मूळ मालिकेत पाऊस माणसाला फसवतो. नातवाच्या मालिकेत तो माणसावर पाळत ठेवून बसलेला आहे. यांतला कोणता विनोद मराठवाड्याला अधिक लागू पडतो हे मी ठरवणार नाही.

या सगळ्याची किल्ली तिसऱ्या चौकटीत आहे. अर्धवट उघडलेली छत्री चित्रात नुसती अर्धवट असते. ती उघडते आहे की मिटते आहे हे तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चौकटींवरून आपण ठरवतो, आणि इतक्या झटकन ठरवतो की ठरवले हे आपल्याला जाणवतही नाही. अमेरिकेतील चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेच्या भाषेवर जे पुस्तक काढले, तेही चित्रकथेच्याच रूपात, त्यात त्यांनी हाच मुद्दा धरला आहे : दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत काहीही काढलेले नसते, तिथली हालचाल वाचक स्वतः भरतो. चित्रपटाच्या क्षेत्रात रशियातील लेव्ह कुलेशॉव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे करून पाहिले होते. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी कधी सुपाचा वाडगा तर कधी शवपेटी जोडली, की प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसे आणि एकदा शोक. म्हणजे चौकटी फिरवणारा मुलगा चित्रकाराच्या रेषेला हात लावत नाही. मधली फट वाचकाने कशाने भरावी एवढेच तो बदलतो. हे करण्यासाठी त्याला आधी ती फट दिसावी लागते, आणि ती दिसायला मालिका चार-पाच वेळा नीट वाचावी लागते.

माझे शेजारी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांना मी ते मूळ पान दाखवले, तेव्हा ते हसले, पण भलत्याच चौकटीवर बोट ठेवून हसले. विचारल्यावर कळले की चित्रांत शब्द नसले की त्यांची नजर सवयीने उजवीकडून सुरू होते, आणि लहानपणी मराठी वर्तमानपत्रातल्या चित्रमालिका त्यांनी अशाच वाचल्या होत्या. उजवीकडून वाचल्यावर म्हातारा छत्री मिटतो, ढग येतात, तो हसतो आणि शेवटी आभाळ पुन्हा कोरे होते. जपानी चित्रकथा मुळातच उजवीकडून डावीकडे वाचल्या जातात, हे आजच्या मुलांना ठाऊक असते. पण आमच्या गल्लीत एकाच पानाची दोन वाचने इतकी वर्षे शेजारी-शेजारी नांदत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. चौकटींचा ‘योग्य’ क्रम हा कागदावर असतो त्याहून अधिक लिपीच्या सवयीत असतो, हे मला निवृत्तीनंतर शेजाऱ्याकडून शिकावे लागले.

आणि शिकवण्याची गोष्ट निघालीच आहे तर माझी एक चूकही इथे मांडतो. पहिली-दुसरीच्या मुलांना आम्ही ‘चित्रे पाहून क्रम लावा’ हा स्वाध्याय नेहमी देत असू. एकदा मी फळ्यावर चार चित्रे काढली होती : मुलगा कोय पुरतो, रोपाला पाणी घालतो, झाड मोठे होते, मुलगा आंबा खातो. केज तालुक्यातल्या त्या शाळेत दुसरीत असलेल्या एका मुलीने चौथे चित्र आधी लावले आणि बाकीची तीन त्यामागे, ओळीने. मी त्यावर फुली मारली. ती पाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, आंबा खाल्ल्याबिगर कोय कुठून आणायची?” वर्ग हसला, मीही हसलो आणि फुली तशीच ठेवली. तिचा क्रम माझ्या क्रमापेक्षा अधिक बरोबर होता, हे मला त्याच रात्री कळले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते बोलून दाखवले नाही, याची बोच अजून जात नाही. पुरवणीतल्या लेखकाने मारलेली फुली मला माझ्या त्या फुलीसारखी दिसली.

शब्द असलेल्या मालिकेत चौकटी फिरवणे अधिक अवघड असते, कारण फुग्यातले ‘म्हणून’, ‘तरीपण’, ‘मग’ हे छोटे शब्द चौकटीला जागेवर खिळवून ठेवतात. मीम करणारी मुले व्याकरणाच्या तासाला भले पेंगत असतील, पण कोणत्या फुग्यात असे जोडशब्द नाहीत हे ती बरोबर हेरतात. नातवाने जुन्या रद्दीतून आणखी एक मालिका काढली होती. तिच्यात एक माणूस कार्यालयात येऊन “साहेब, सातबारा पाहिजे होता” म्हणतो, कारकून गठ्ठे उपसतो आणि शेवटी “उद्या या” म्हणतो. त्याने शेवटची चौकट पहिली केली. आता माणूस तोंड उघडण्याआधीच कारकून “उद्या या” म्हणतो, मग गठ्ठे उपसतो, आणि त्यानंतर माणूस विचारतो, “साहेब, सातबारा पाहिजे होता.” मूळ मालिका मी पूर्वी पाहिली होती आणि विसरलोही होतो. ही मात्र विसरणार नाही, कारण हेलपाटे घातलेल्या कोणालाही हाच क्रम खरा वाटेल.

हा खेळ काही मोबाईलबरोबर जन्मलेला नाही. अमेरिकेत अर्नी बुशमिलर यांच्या ‘नॅन्सी’ या जुन्या मालिकेच्या चौकटी कापून त्यांचे पत्ते करण्याचा एक डाव याच मॅक्क्लाउड यांनी बसवला. प्रत्येकाला पाच पत्ते, ज्याने त्याने आपली चौकट मागच्या चौकटीला जोडायची आणि ती जुळते की नाही यावर इतरांनी मत द्यायचे. बुशमिलर यांची चित्रे इतकी स्वच्छ आणि नेमकी की कोणतीही चौकट कोणत्याही चौकटीशेजारी ठेवली तरी काहीतरी गोष्ट तयार होते. ‘गारफिल्ड’ या मांजराच्या मालिकेतल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या चौकटी संगणकाकडून वाटेल तशा जुळवून घेण्याचा प्रकारही इंटरनेटवर बराच चालला. याच्या अगदी उलट उदाहरण २ जून २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या टिम बकली यांच्या चार चौकटींच्या मालिकेचे आहे. विनोदी मालिकेत अचानक रुग्णालयातला, आपोआप झालेल्या गर्भपाताचा प्रसंग आला, वाचकांना तो बेढब वाटला आणि त्याची विडंबने सुरू झाली. पुढे त्यातली माणसे गेली, भिंती गेल्या, आणि उरल्या त्या केवळ रेघा : पहिल्या चौकटीत एक उभी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात दोन, चौथ्यात एक उभी आणि एक आडवी. तिथे सगळे बदलले तरी क्रम बदलता येत नाही, कारण क्रम हीच ओळख होऊन बसली आहे. त्या मूळ प्रसंगाला हसणे मला रुचत नाही, ती गोष्ट वेगळी. पण चित्रमालिकेतून चित्र काढून घेतल्यावरही मांडणी ओळखू येते, हे त्यातून दिसते ते खोटे नाही.

लेखकाने हे सगळे पश्चिमेकडून आलेले खूळ म्हटले आहे, म्हणून घरचेही थोडे सांगतो. आमच्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे सुट्या पानांची असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि अशा पानांचा संच म्हणजे पोथी. चित्रकथी ती एकेक करून समोर धरतो आणि गाऊन कथा सांगतो. कथेचा धागा त्याच्या गळ्यात असतो, पानांना शिवण नसते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेविषयी चार ओळी आपल्याही वाचकांच्या नजरेखालून गेल्या असतील. अजिंठ्याला तर आपण शाळेच्या सहलीपासून जात आलो आहोत, पण तिथल्या जातककथा डावीकडून उजवीकडे वाचू पाहणारा माणूस गोंधळतो, आणि मार्गदर्शकाची बॅटरी भिंतीवर मागे-पुढे का उड्या मारते हे त्याला कळत नाही. कलेतिहासाच्या अभ्यासक विद्या देहेजिया यांनी दाखवून दिले आहे की या भिंतींवर प्रसंग पुष्कळदा काळाच्या क्रमाने न मांडता स्थळांप्रमाणे मांडलेले आहेत : राजवाड्यात घडलेले एकीकडे, अरण्यात घडलेले दुसरीकडे, मग ते कथेत आधीचे असोत की नंतरचे. कथा ठाऊक असलेल्या माणसाने ती भिंतीवर शोधत जायची. ती भिंत म्हणजे मीम आहे असे मी म्हणत नाही, तेवढे भान मला आहे. चित्रांचा क्रम एकच असतो आणि तो मोडणे म्हणजे पाप, ही समजूत मात्र आपल्या मातीतली नव्हे, एवढे म्हणतो.

आता तक्रारीकडे येतो, कारण तिचा चटका मला स्वतःला बसला आहे. नातवाची ती छत्रीची मालिका मित्रांत फिरली, आणि मूळ पानाचा फोटोही तिच्यामागून फिरला. आठ-दहा दिवसांनी तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसरीच मालिका आली. कोणीतरी ढगांची दुसरी चौकट काढून टाकली होती आणि उरलेल्या तीन मूळ क्रमाने ठेवल्या होत्या. ढगच नाहीत म्हटल्यावर कोऱ्या आभाळाखाली म्हातारा उगाच छत्री उघडतो आणि ढोंगीपणाने तिच्याखाली उभा राहतो, असा अर्थ झाला. खाली ओळ होती : ‘पंचनामा होईपर्यंत छत्री मिटायची नाही’. ज्या आठवड्यात हे आले त्या आठवड्यात आमच्या शिवारात दुबार पेरणी चालली होती. ज्यांचे सोयाबीन उगवलेच नव्हते अशा एका शेतकऱ्याने ग्रुपवर लिहिले की हे चित्र काढणाऱ्याने एकदा आमच्या बांधावर येऊन उभे राहावे. दोन दिवस भांडण चालले आणि सगळ्या शिव्या चित्रकाराच्या वाट्याला गेल्या. चित्रकाराने तर त्या शेतकऱ्याच्याच बाजूने चित्र काढले होते! ते आमच्याच पानावरून गेले आहे हे मी ओळखले, कारण तिसऱ्या चौकटीवरून गेलेली घडी आणि चौथीच्या कडेचा चहाचा डाग दोन्ही जागच्या जागी होते. चौथ्या चौकटीच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही मात्र कापलेली होती आणि तिच्या जागी कुठल्याशा पेजचे नाव चिकटवले होते. नातू दोन दिवस नीट जेवला नाही.

इथे कोणी म्हणेल की मग फिरवणे चालेल आणि गाळणे चालणार नाही, असा नियम करा. तो टिकणार नाही. जिम डेव्हिस यांच्या १९७८ पासून चालू असलेल्या ‘गारफिल्ड’ मालिकेतून आयर्लंडच्या डॅन वॉल्श यांनी २००८ साली ते मांजरच पुसून टाकले. नायक गेल्यावर उरला तो त्याचा मालक जॉन, रिकाम्या खोलीत स्वतःशी बोलणारा एकटा माणूस, आणि हसत हसत वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडेल अशी मालिका तयार झाली. पण तिचे नावच ‘गारफिल्ड वजा गारफिल्ड’ होते. काय काढले आहे हे कपाळावर लिहिलेले होते, मूळ कोणाचे हे जगाला ठाऊक होते, आणि डेव्हिस यांनी तिला संमती दिली, इतकेच नव्हे तर त्याच वर्षी तिचे पुस्तकही निघाले. आमच्या ग्रुपवरच्या माणसाने एक चौकट काढली आणि काढलेली नाही असे भासवले. नातवाच्या विनोदाला मूळ मालिका माहीत असलेला वाचक हवा असतो, मूळ जितके नीट आठवते तितके हसू अधिक येते. त्या तीन चौकटींना मात्र मूळ न पाहिलेला वाचकच हवा होता.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी वापर, टीका, समीक्षण अशा कारणांसाठी उचित वापराला वाव देते, तर कलम ५७ नुसार निर्मात्याने हक्क दुसऱ्याला विकले असले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा विपर्यासाला हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. अर्थात तालुक्याच्या ग्रुपवरून कोणी न्यायालयात जाणार नाही, ॲडमिनने फार तर ‘विषय संपवा’ म्हणून हात जोडलेले चित्र टाकावे, तसेच आमच्याकडेही झाले.

म्हणून माझी विनंती कायद्याला नाही, आपल्याला आहे. चित्रकाराची सही आजवर शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात येत आली आहे, कारण मालिका सलग छापली जाई आणि सलगच कापून वहीत चिकटवली जाई. आता चौकटी सुट्या होऊन प्रवास करतात. तेव्हा आपल्या दैनिकात येणाऱ्या चित्रमालिकांच्या प्रत्येक चौकटीत चित्रकाराची बारीक सही आणि शेजारी १, २, ३, ४ असा बारीक आकडा छापावा. आकड्यांनी खेळ बिघडणार नाही. ४, ३, १, २ असे आकडे डोळ्यांसमोर असताना नातवाची छत्री वाचून पाहिली, ती जास्तच मजेदार वाटली, कारण मूळ आणि फिरवलेले दोन्ही एकदम दिसतात. आणि गाळलेली चौकट १, ३, ४ या आकड्यांवरून लहान मुलालाही कळते. याखेरीज मुलांच्या पानावर आठवड्यातून एकदा, चित्रकाराच्या संमतीने, एखादी मूक मालिका चौकटी विखरून छापावी आणि मुलांना क्रम लावायला सांगावा. पुढच्या आठवड्यात चित्रकाराचा क्रम छापावा आणि त्याशेजारी मुलांकडून आलेले दोन-तीन वेगळे क्रमही, त्यांच्या एका ओळीच्या खुलाशासह. कोणाच्याही क्रमावर फुली मारू नये.

सोबत त्या पानाची झेरॉक्स जोडत आहे. नातवाने आता आपल्या मालिकेखाली ‘चित्रे मूळची, क्रम माझा’ असे लिहायला सुरुवात केली आहे, पण चित्रकाराचे नाव लिहायची जागा रिकामी आहे. सही पुसट आहे. भिंग लावून पाहिले तर शेवटचे ‘कर’ तेवढे वाचता येते, आणि महाराष्ट्रात तेवढ्यावरून माणूस सापडणे कठीण. आपल्या कार्यालयातील जुन्या चित्रकारांपैकी किंवा वाचकांपैकी कोणी ती छत्री ओळखली, तर कृपया कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड